गिटारचा कर्कशपणा कसा आवरायचा?

मागच्या वेळी आपण लाउडस्पीकरबद्दल बोललो. तेव्हा शेवटी एक चिठ्ठी आली होती : "गिटारमध्ये बदल करून घेतले, आता ती फार टोचते. काय करावं?" आजचं व्याख्यान त्या चिठ्ठीला उत्तर म्हणून आहे. विषय छोटा वाटेल, पण आपल्या खानदेशात लग्नसराईत वाजवणाऱ्याच्या पोटाशी त्याचा संबंध आहे.

एक उदाहरण घेऊ. धुळ्याकडचा एक पोरगा, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवतो. त्याची गिटार साधी, तीन सिंगल कॉइल पिकअपवाली. आवाज दबका येतो म्हणून त्याने व्हॉल्यूम आणि टोनचे पॉट बदलले, २५० किलोओहमच्या जागी ५०० चे बसवले. व्हॉल्यूमवर एक छोटा कपॅसिटर टाकून घेतला. लांब केबलऐवजी एक मीटरची केबल घेतली आणि डिस्टॉर्शन पेडलमधून थेट मिक्सरला जोडली. घरी वाजवताना खूश! पण हळदीच्या रात्री मांडवात गाणारी बाई अहिराणी गाणं म्हणते आणि तिचा एक शब्द कळत नाही. पुढे बसलेले म्हातारबाबा म्हणाले, "भाऊ, कानले टोचस." ऑर्केस्ट्रावाल्याने सांगितलं, पुढच्या तारखेपर्यंत आवाज सुधार, नाहीतर दुसरा गिटारवाला बघतो. पोरगा आमच्याकडे आला तेव्हा नवीन पिकअप घ्यायला उसने पैसे काढायच्या बेतात होता. आम्ही म्हटलं, थांब. पैसे नंतर, आधी कारण शोधू.

आता मुळाशी जाऊ. पिकअप म्हणजे काय? चुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार हलली की वेढ्यांत वीज तयार होते. पण इतके वेढे असले की त्यांचं इंडक्टन्सही मोठं होतं, सिंगल कॉइलला साधारण २ ते ३ हेन्री. आणि केबल म्हणजे आत तार आणि बाहेर जाळी, म्हणजे तोही एक कपॅसिटरच. अंदाजे मीटरला १०० पिकोफॅरड. इंडक्टन्स आणि कपॅसिटर एकत्र आले की झोक्यासारखं होतं : एका ठरावीक कंपनसंख्येला ते जोरात झुलतात. तिथे आवाज उचलला जातो आणि त्याच्या वर झपाट्याने उतरतो.

हिशोब करून पाहू. पिकअप २.५ हेन्रीचा, त्याची स्वतःची कपॅसिटी १२० पिकोफॅरड धरा. पाच मीटरची केबल असेल तर हे शिखर साधारण ४,००० हर्ट्झवर येतं. एक मीटरची केबल लावली की तेच शिखर ६,८०० च्या आसपास जातं. म्हणजे नुसती केबल बदलली तरी आवाजाचा चेहरा बदलला. आणि पेडलच्या पुढे केबल कितीही लांब असली तरी फरक पडत नाही, कारण पेडल चालू असताना आत ताकद देणारं सर्किट असतं. मोजायची ती फक्त गिटार ते पेडल एवढीच केबल.

दुसरी गोष्ट, शिखराची उंची. ती पॉट ठरवतात. व्हॉल्यूम आणि टोन दोन्ही पूर्ण उघडे असले तरी ते पिकअपवर ओझं म्हणून बसलेलेच असतात. २५० चे दोन पॉट मिळून १२५ किलोओहमचं ओझं, ५०० चे दोन मिळून २५० चं. ओझं हलकं झालं की झोका उंच जातो. आमच्या हिशोबाने त्या पोराच्या गिटारीत शिखर जवळजवळ दुप्पट टोकदार झालं होतं. म्हणूनच सिंगल कॉइलला २५० आणि हमबकरला ५०० अशी रीत पडली. जास्त आकडा म्हणजे जास्त चांगलं, असं इथे नसतं.

तिसरी गोष्ट, आपला कान. कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर, ती ३,००० हर्ट्झच्या आसपास स्वतःच आवाज वाढवते. २,००० ते ५,००० या पट्ट्यात आपला कान सगळ्यात तिखट. शब्दांतली व्यंजनं ओळखायचा बराचसा आधार याच भागात असतो. गिटार तिथे चढून बसली की बाईचे शब्द गेलेच समजा.

तर उपाय. क्रम लक्षात ठेवा : फुकटचे आधी, विकतचे नंतर. आणि एका वेळी एकच बदल. वहीत लिहून ठेवायचं. भरितात मीठ, मिरची, तेल एकदम ओतलं तर बिघडलं कशाने ते कळत नाही, तसंच आहे हे.

पहिला उपाय, टोनची घुंडी. हसू नका! बरेच जण ती कायम १० वर ठेवतात. १० वरून ७ वर आणली की आवाज लगेच दबत नाही, आधी ते टोकदार शिखर बसतं. आपल्याला तेच हवं आहे. मात्र स्ट्रॅटोकास्टर पद्धतीच्या गिटारीत एक गंमत आहे. ही गिटार १९५४ साली बाजारात आली, तेव्हा तिच्या दोन टोनच्या घुंड्या मानेकडच्या आणि मधल्या पिकअपसाठी होत्या. ब्रिजजवळचा पिकअप, जो सगळ्यात कर्कश, त्याला टोनच नव्हता. आजही कितीतरी गिटारी तशाच जोडलेल्या येतात. तुम्ही घुंडी फिरवता आणि काहीच होत नाही, कारण ती त्या पिकअपला जोडलेलीच नाही. स्विचवर एक छोटी तार टाकून दुसरा टोन ब्रिजला जोडता येतो. खर्च तारेचा.

दुसरा उपाय, पिकअपची उंची. शेवटच्या पडद्यावर तार दाबून धरा आणि अंतर बघा. ब्रिजकडचा पिकअप तारेपासून २ मिलिमीटरच्या आसपास असू द्या. बारीक तारेच्या बाजूने अर्धा मिलिमीटर खाली करून ऐका. स्क्रू-ड्रायव्हर पुरे.

तिसरा, व्हॉल्यूमवरचा तो छोटा कपॅसिटर. तो आवाज कमी केल्यावर वरचे सूर वाचवतो. त्यावर बहुधा १०२ छापलेलं असतं, म्हणजे १,००० पिकोफॅरड. गायिकेसाठी तुम्ही आवाज कमी करता आणि जाड सूर जातात, टोचणारे मात्र राहतात. त्याचा एक पाय सोडवा, ऐका. बरं वाटलं तर काढून टाका.

चौथा, पॉट. परत २५० चे बसवा. किंवा बदलायचेच नसतील तर व्हॉल्यूम पॉटच्या पिकअपकडच्या टोकापासून अर्थपर्यंत ४७० किलोओहमचा एक रेझिस्टर टाका. ५०० आणि ४७० समांतर मिळून २४२ होतात. जळगाव काय, पारोळा काय, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात हा रेझिस्टर अगदी किरकोळ किमतीत मिळेल.

पाचवा, त्याच दोन टोकांत ४७१ छापलेला कपॅसिटर, म्हणजे ४७० पिकोफॅरड. एक मीटरच्या केबलने जे शिखर ६,८०० वर गेलं होतं ते ३,८०० वर उतरतं, लांब केबल जोडल्यासारखं. पण सावध. कपॅसिटर शिखर खाली आणतो, बुटकं करत नाही, उलट थोडं टोकदार करतो. आणि ३,८०० म्हणजे कानाचा तिखट पट्टाच. म्हणून आधी ओझं, मग कपॅसिटर.

इथे एक गैरसमज काढून टाकू. पुष्कळ जण टोनचा २२३ काढून ४७३ टाकतात आणि कर्कशपणा जाईल अशी वाट बघतात. घुंडी १० वर असताना या दोघांत जवळजवळ काही फरक नाही, कारण मध्ये पॉटचा सगळा रेझिस्टन्स उभा असतो. फरक कळतो तो घुंडी पार खाली नेल्यावर.

आता शेवटचं आणि आमच्या मते सगळ्यात मोठं कारण : स्पीकर. गिटारचा १२ इंची स्पीकर ५,००० हर्ट्झच्या वर भराभर उतरतो. डिस्टॉर्शनची चरचर तो स्वतःच गाळतो. मांडवातल्या स्पीकरला मात्र हॉर्न असतो, तो सगळं प्रामाणिकपणे फेकतो. पेडल थेट मिक्सरला जोडलं तर मधली चाळणीच गेली. म्हणून एकतर कॅबिनेट सिम्युलेशन असलेलं पेडल घ्या, नाहीतर गिटारच्या स्पीकरसमोर माइक लावा. दोन्ही जमत नसेल तर मिक्सरवाल्या भाऊंना विनंती करून ५,००० च्या वरचं उतरवून घ्या.

बँजोवाल्यांसाठी दोन शब्द. आपण ज्याला बँजो म्हणतो तो खरा बुलबुलतरंग, जपानच्या ताइशोगोतोपासून आलेला. त्यावर पिझोची चकती चिकटवली असेल तर आजार वेगळा. चकती साधारण २० नॅनोफॅरडची असते. ती १० किलोओहमच्या लाइन इनपुटला जोडली की ८०० हर्ट्झच्या खालचं सगळं उतरतं. उरतं ते कर्कश. तिथे वरचं कापून उपयोग नाही, खालचं परत आणायला हवं. मध्ये १ मेगाओहमचा बफर किंवा ॲक्टिव्ह डीआय बॉक्स लावा.

काम करताना गिटार ॲम्प्लिफायरपासून सोडवून घ्या. ॲम्प्लिफायर उघडू नका, बंद केल्यावरही त्यातले मोठे कपॅसिटर भरलेले राहू शकतात. आणि गुणगुण येते म्हणून अर्थची तिसरी पिन कधीही तोडू नका. जनरेटरवर चालणाऱ्या मांडवात एका हातात गिटारची तार आणि ओठाला माइक असतो, हे विसरू नका.

त्या पोराचं काय झालं? ब्रिजला टोन जोडला, ४७० चा रेझिस्टर टाकला, १०२ काढला, मिक्सरवर वरचा भाग उतरवला. ४७१ ची गरजच पडली नाही. पिकअप तोच राहिला, उसने पैसे काढावे लागले नाहीत. पुढच्या लग्नात बाईचे शब्द मागच्या खुर्चीपर्यंत पोचले आणि तारीख त्याच्याकडेच राहिली.

जाता जाता एवढंच. ८५ डेसिबलला आठ तास ही कानाची मर्यादा कामगारांसाठी सुचवलेली आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ९४ ला एकच तास. वाजवणारा तर रोज तिथे उभा असतो. म्हातारबाबा म्हणाले "टोचस", ते त्याच्याही कानांसाठी होतं. आता तुमचे प्रश्न घेऊ.