साखर कमी की पाणी जास्त?

विषय बिअरचा आहे, म्हणून आधी कायद्याचं सांगून टाकतो. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 प्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे, मग ते घरात स्वतःपुरतं का असेना. पुण्यात 2009 साली डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली, ती परवाना घेऊनच. अमेरिकेत मात्र 1978 च्या संघीय कायद्याने घरगुती बिअरला मोकळीक मिळाली. तिकडे राहणारे आपले भाचे-पुतणे हा उद्योग करतात आणि मग फोन येतो, "काका, ओजी कमी आलीय, साखर घालू का?"

माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी नीट मोज, मग गुणाकार कर, साखरेच्या डब्याला हात सगळ्यात शेवटी.

ओजी म्हणजे ओरिजिनल ग्रॅव्हिटी. मोड आणून वाळवलेल्या जवापासून, म्हणजे माल्टपासून, जो गोड काढा निघतो त्याला वर्ट म्हणतात. यीस्ट घालण्यापूर्वीची त्याची घनता ती ओजी. पाणी 1.000 धरलं, तर साधारण बिअरचा वर्ट 1.050 च्या आसपास येतो. या 50 ला पॉइंट म्हणायचं. मोजायला हायड्रोमीटर लागतो. डेअरीवर दुधात सोडतात ना तो लॅक्टोमीटर, त्याचाच हा भाऊ.

पहिला संशय याच मापावर घ्या. बरेचसे हायड्रोमीटर 20 अंश सेल्सिअसला जुळवलेले असतात. द्रव गरम असला की विरळ होतो. 35 अंशांना आकडा सुमारे 4 पॉइंट कमी दिसतो, 40 अंशांना सुमारे 6. म्हणजे साखर गेलेली नसते, आपली घाई झालेली असते. नमुना थंड करा. हायड्रोमीटर 20 अंशांच्या साध्या पाण्यात 1.000 दाखवतो का, तेही पाहा. वरून पाणी घातलं असेल तर चांगलं ढवळा, कारण जड वर्ट तळाशी बसतो आणि वरचा नमुना पातळ येतो.

आता गुणाकार. ठरलं होतं 20 लिटर, 50 पॉइंट. 20 गुणिले 50 म्हणजे 1000. हाती आले 42 पॉइंट, पण भांड्यात वर्ट 24 लिटर. गुणाकार 1008. साखर पुरेपूर उतरली आहे, पाणी तेवढं जास्त झालंय! उकळून 20 लिटरवर आणलं की काम झालं. इथे न मोजता 8 पॉइंटसाठी साखर ओतली, तर तयार बिअरमध्ये अल्कोहोल सुमारे एक टक्क्याने वाढतं आणि अंग मात्र पातळच राहतं.

गुणाकारच कमी आला, तर साखर खरंच धान्यात अडकली. का अडकते? आपल्या मुळशीत बाळाला नाचणीसत्त्व देतात, ते आठवा. मोड आलेल्या नाचणीची पेज पातळ होते, कारण मोडातली एन्झाइम पिठूळ स्टार्च तोडतात. जवाचंही तसंच.

मग तीन गोष्टी तपासा. एक, भरड. दाणा फुटला पाहिजे, पण साल शाबूत राहिलं पाहिजे. अख्खे दाणे राहिले तर आत पाणी शिरत नाही. पीठ केलंत तर गाळताना चिखल होतो. दोन, तापमान. 65 ते 68 अंश, साधारण तासभर. फार गरम पाणी एकदम ओतलं तर एन्झाइम निकामी होतात. टिंक्चर आयोडीनचा थेंब बशीतल्या नमुन्यावर टाका. निळा-काळा झाला तर स्टार्च शिल्लक आहे. तपासलेला नमुना फेकून द्यायचा, परत ओतायचा नाही. तीन, पाणी. धान्य-पाण्याच्या मिश्रणाचा पीएच 5.2 ते 5.6 हवा. पावसाचं साठवलेलं धरणाचं पाणी आणि खडकातून आलेलं बोअरचं पाणी सारखं वागत नाही. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त असेल तर पीएच वर जातो. उद्या इथे कुणी परवाना काढून ब्रुअरी टाकली, तर पाण्याची तपासणी आधी करावी. आणि शेवटी चोथा गरम पाण्याने सावकाश धुवा, बरीच साखर त्यातच राहते.

एवढं करूनही दोन-चार पॉइंट कमी राहिले, तर राहू द्या. बिअर थोडी सौम्य होईल, वाईट नाही. तारीख, लिटर, तापमान, पॉइंट वहीत लिहा. पुढच्या वेळी फोन करण्याआधी ती वही उघडा.