जपानचं राजघराणं २६०० वर्षांचं? हे मोजलं कुणी?

ज्यांना एपिसोड ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी हा लेखी अवतार. मधली बडबड कापलीय, बाकी तसंच आहे.

आधी एक चूक कबूल करतो. मागे एकदा बोलता बोलता मी ठोकून दिलं होतं की जपानचं राजघराणं सलग २६०० वर्षं जुनं आहे. एका श्रोत्याने एवढंच विचारलं, "दादा, हे मोजलं कुणी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग नेरुळ ते ऐरोली, जाता-येता, जपानच्या प्राचीन इतिहासावरचे इंग्रजी पॉडकास्ट ऐकायला घेतले. 'हिस्टरी ऑफ जपान' आणि 'सेन्गोकु दाइम्योज क्रॉनिकल्स ऑफ जपान' हे त्यातले दोन. त्यातून जे समजलं ते आज सांगतो.

आकडा आला कुठून?

जपानमध्ये आज हाती असलेला सर्वांत जुना ग्रंथ म्हणजे 'कोजिकी', साल ७१२. गंमत बघा, हिएदा नो आरे नावाच्या व्यक्तीला जुन्या वंशावळी आणि कथा तोंडपाठ होत्या. सम्राज्ञी गेन्मेई यांच्या आज्ञेवरून ओ नो यासुमारो यांनी त्या लिहून काढल्या. म्हणजे हा इतिहास आधी ऐकला गेला, मग लिहिला गेला. आपल्या ट्रान्सक्रिप्टसारखाच!

पुढे ७२० मध्ये 'निहोन शोकी' आला. त्यातल्या कालगणनेवरून पहिला सम्राट जिम्मू याचं राज्य इ.स.पू. ६६० ला सुरू होतं. २६०० चा आकडा इथून आला. पण हा ग्रंथ दरबारानेच लिहून घेतलेला. त्यातले सुरुवातीचे कितीतरी राजे शंभरी ओलांडून जगतात. माझ्या भाषेत सांगायचं तर या कंपनीने स्वतः लिहिलेल्या रिलीज नोट्स. खरं काय घडलं ते बघायला सर्व्हरचे लॉग लागतात.

लॉग पहिला : शेजाऱ्याची वही

तिसऱ्या शतकातला एक चिनी इतिहास सांगतो की २३९ च्या सुमारास हिमिको नावाच्या राणीने चीनच्या वेई दरबारात दूत पाठवले. बदल्यात तिला पदवी, सोन्याचा शिक्का आणि काशाचे १०० आरसे मिळाले. ती लोकांसमोर क्वचितच यायची, कारभारात धाकटा भाऊ मदत करायचा. एवढी मोठी राणी, पण तिचं नाव कोजिकीतही नाही आणि निहोन शोकीतही नाही! तिचं राज्य क्युशूमध्ये होतं की नाराच्या बाजूला, यावर अभ्यासक आजही भांडतात.

लॉग दुसरा : गंजलेली तलवार

टोकियोजवळच्या साइतामामध्ये इनारियामा नावाचा थडग्याचा टेकाडासारखा उंचवटा आहे. १९६८ मध्ये तिथे एक गंजलेली तलवार सापडली. दहा वर्षांनी, १९७८ मध्ये, एक्स-रे काढला तेव्हा गंजाखाली सोन्यात बसवलेली ११५ अक्षरं दिसली! मालकाने आपल्या आठ पिढ्यांची नावं दिलीत आणि 'वाकाताकेरू' या महाराजाची सेवा केली असं म्हटलंय. त्यावरचं साल बहुतेक अभ्यासक ४७१ मानतात. दूर दक्षिणेला, क्युशूतल्या एका तलवारीवरही याच राजाचं नाव असल्याचं मानतात. म्हणजे तोवर एका राजाचा दबदबा बराच लांबवर पोचला होता.

काळाचा अंदाज यावा म्हणून सांगतो. साधारण त्याच सुमारास आपल्याकडे अजिंठ्याची लेणी घडत होती. १६ नंबरच्या लेण्यात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा लेख आहे, आणि त्यातही राजाची वंशावळच आहे. तिकडे तलवार, इकडे दगड. 'आम्ही कोण' हे लिहून ठेवायची हौस दोन्हीकडे सारखीच.

एका आकड्याने काय बिघडतं?

बरंच बिघडतं. १९४० मध्ये जपान सरकारने या २६०० वर्षांचा मोठा सोहळा केला. तेव्हा देश युद्धात होता. त्सुदा सोकिची हे वासेदा विद्यापीठातले प्राध्यापक. सुरुवातीच्या सम्राटांच्या कथा हा नंतर रचलेला भाग आहे, असं त्यांनी पुराव्यानिशी लिहिलं होतं. त्याच वर्षी त्यांच्या पुस्तकांवर बंदी आली. खटला चालला, आणि १९४२ मध्ये सम्राटघराण्याचा अवमान केल्याबद्दल त्यांना दोषी ठरवलं गेलं. प्रकाशकालाही सोडलं नाही. युद्धानंतर त्यांच्याच पद्धतीला मान मिळाला. त्सुदांनी विचारलं होतं तेही तेच, हे मोजलं कुणी?

आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'अमुक हजार वर्षांपूर्वी' असं काही आलं की मला आता त्सुदा आठवतात.

मग ऐकायचं कसं?

माझी पद्धत साधी आहे. निवेदकाने एखादी गोष्ट सांगितली की तीन प्रश्न विचारायचे. हे कुणी लिहिलं? घटनेनंतर किती वर्षांनी? जमिनीतून काही निघालंय का? नावं कानाला सारखीच वाटतात, म्हणून एपिसोड पॉज करून फोनवर नकाशा उघडायचा. आणि कथा सोडून द्यायच्या नाहीत. जिम्मूची कथा जिम्मूच्या काळाबद्दल फार सांगत नाही, पण ७२० च्या दरबाराला काय दाखवायचं होतं, ते छान सांगते.

तर त्या श्रोत्याला उशिरा का होईना, उत्तर : २६०० हा आकडा दरबाराचा. पुराव्याने हात धरून चालता येतं ते साधारण १५०० वर्षं मागे. तेही काही कमी नाही!

माझी अजून कुठली चूक सापडली तर बिनधास्त सांगा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.