साठीनंतर विपश्यना : जाण्यापूर्वी एवढं माहीत हवं

● केंद्र : इगतपुरीचं ‘धम्मगिरी’, स्थापना १९७६. संस्थापक सत्यनारायण गोएंका (१९२४-२०१३) विपश्यना ही साधना म्यानमारमध्ये सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकले आणि १९६९पासून भारतात शिकवू लागले.

● साधना : शिबिर १० दिवसांचं. सुरुवातीला ‘आनापान’. श्वास उजव्या नाकपुडीतून आला की डाव्या, एवढंच पाहायचं; तो लांबवायचा नाही, रोखायचा नाही. चौथ्या दिवसापासून अंगभरच्या संवेदना. गुडघ्याची कळसुद्धा चरफड न करता न्याहाळायची.

● शिस्त : पहाटे ४ वाजता घंटा, जवळजवळ पूर्ण शिबिरभर मौन. मोबाइल आणि जपमाळ, दोन्ही बाजूला.

● मांडी घालता येत नाही? खुर्ची मागून घ्या.

● औषधं : रक्तदाब, मधुमेहाच्या गोळ्या बंद करू नका. सगळे आजार, विशेषतः मानसिक, अर्जात स्पष्ट लिहा; आधी डॉक्टरांना विचारा.

● खर्च : शुल्क नाही. शेवटी ऐच्छिक दान.

● घरच्या घरी : चहाचं आधण ठेवलं की उकळी फुटेपर्यंत फक्त श्वास पाहा. मन भाजीवाल्याकडे गेलं, तर न रागावता परत आणा.