सुट्टीची वही

जानेवारी महिना होता. शाळेचा पहिला दिवस. गुरुजींनी वर्गात विचारले, "मुलांनो, सुट्टीत काय काय केलेत?"

दहा-बारा हात एकदम वर आले. कोणी म्हणाले, "समुद्रावर गेलो." कोणी म्हणाले, "टीव्ही पाहिला." एक मुलगा म्हणाला, "गुरुजी, मी खूप मजा केली. पण काय केले ते आता आठवत नाही!" सगळा वर्ग हसला.

मग शेवटच्या बाकावरची एक मुलगी उठली. तिच्या हातात एक साधी वही होती. ती म्हणाली, "गुरुजी, माझी सुट्टी या वहीत आहे."

त्या वहीत काय होते? आणि तशी वही आपल्याला कशी करता येईल? चला, पाहू या.

आपल्या मॉरिशसमध्ये शाळेला वर्षातून तीन वेळा सुट्टी मिळते. त्यांतली नोव्हेंबरात सुरू होणारी सुट्टी सर्वांत मोठी. ती सुमारे दोन महिन्यांची असते. सुट्टी विश्रांतीसाठी असते, खेळण्यासाठी असते. म्हणून भरपूर खेळा, झोप पुरी करा, आईवडिलांबरोबर समुद्रावर जा. पण दिवसातला एकच तास वहीसाठी ठेवा. साठ दिवसांचे किती तास झाले? साठ! साठ तासांत खूप काही करता येते.

त्या मुलीच्या वहीचे चार भाग होते.

पहिला भाग शब्दांचा. तिची आजी घरात मराठी बोलते. आजी बोलताना नवा शब्द कानावर पडला, की मुलगी तो वहीत लिहून ठेवी. एके दिवशी आजी मसाला वाटत होती. मुलगी म्हणाली, "आजी, मला रोश कारीवर वाटू दे ना!" आजी हसून म्हणाली, "अगं, क्रिओलमध्ये ती रोश कारी. माझी आई तिला पाटा-वरवंटा म्हणायची. खालचा सपाट दगड तो पाटा, आणि हातातला लांबट दगड तो वरवंटा." मुलीने दोन्ही शब्द लिहिले आणि शेजारी चित्र काढले. सूप, उखळ, मुसळ, रोवळी असे कितीतरी शब्द तिला मिळाले. रोज दोन शब्द लिहिले, तर साठ दिवसांत एकशेवीस शब्द होतात. आजीकडून झाकरीचे एखादे गाणे किंवा एखादी गोष्टही लिहून घेता येते.

दुसरा भाग घरातल्या माणसांचा. पानावर सर्वांत खाली तिने आपले नाव लिहिले. त्यावर आईवडिलांचे, त्यावर आजी-आजोबांचे, त्यावर पणजी-पणजोबांचे. मग तिने घरातल्या मोठ्या माणसांना प्रश्न विचारले. तुमचा जन्म कोठे झाला? तुम्ही कोणत्या शाळेत गेलात? १९७५ साली जर्वेझ नावाचे मोठे चक्रीवादळ आले, तेव्हा तुम्ही कोठे होता? वादळाचा प्रश्न विचारताच आजोबा तासभर बोलत राहिले!

आपले पूर्वज समुद्र ओलांडून या बेटावर आले. २ नोव्हेंबर १८३४ या दिवशी 'ॲटलस' जहाजातून आलेले भारतीय मजूर पोर्ट लुईला उतरले. म्हणून २ नोव्हेंबरला आपल्या देशात सुट्टी असते. पुढे हजारो माणसे आली. त्यांतले मराठी लोक मुंबई बंदरातून जहाजात बसले. रत्नागिरी, सातारा अशा भागांतून ते आले होते. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर दगडी पायऱ्या आहेत. त्या सोळा आहेत. याच पायऱ्या चढून कितीतरी मजूर या बेटावर आले. २००६ साली या घाटाला जागतिक वारसास्थळाचा मान मिळाला. सुट्टीत मोठ्या माणसांबरोबर तेथे जा. एकेक पायरी मोजत चढा. बाडबिस्तरा घेऊन, कोणाचीही ओळख नसताना येथे उतरलेल्या माणसांना काय वाटले असेल, याचा विचार करा आणि घरी येऊन चार ओळी लिहा.

त्या मुलीच्या वहीत एक ओळ मात्र कोरी होती. तिने लिहिले होते, "आमचे पहिले पूर्वज ज्या गावातून आले, त्या गावाचे नाव - ". पुढे काहीच नव्हते. गुरुजींनी विचारले, "हे का राहिले?" ती हळूच म्हणाली, "आजी म्हणते, ते नाव फक्त तिच्या थोरल्या भावाला ठाऊक होते. ते गेल्या वर्षी वारले. त्यांना कोणी विचारलेच नाही."

वर्ग शांत झाला.

मुलांनो, म्हणूनच विचारायचे ते आजच विचारले पाहिजे. माणसाबरोबर त्याच्या आठवणीही जातात. वहीत लिहिलेली आठवण मात्र राहते. तरी त्या मुलीने आशा सोडलेली नाही. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जुन्या मजुरांच्या नोंदी जपून ठेवल्या आहेत. अशा नोंदींत माणसाचे नाव, वय, जहाज आणि गाव सापडू शकते. पुढच्या सुट्टीत ती वडिलांबरोबर तेथे जाणार आहे.

तिसरा भाग पावसाचा. त्यासाठी तिने घरीच पाऊस मोजायचे साधन केले. ते अगदी सोपे आहे. सरळ उभ्या बाजूंचा एक डबा घ्या. तो अंगणात उघड्या जागी, झाडापासून दूर ठेवा. वाऱ्याने पडू नये म्हणून भोवती दगड लावा. रोज सकाळी डब्यात पट्टी उभी धरून पाणी किती मिलिमीटर आहे ते पाहा आणि तारखेसह लिहा. मग डबा रिकामा करा.

ती मुलगी क्युरपिपला राहते. तिचा मावसभाऊ पोर्ट लुईला राहतो. त्यानेही डबा ठेवला होता. दोघांनी आपापले आकडे ताडून पाहिले, तर क्युरपिपचा पाऊस कितीतरी जास्त! असे का? आपल्याकडे बहुतेक वेळा वारा आग्नेयेकडून, समुद्रावरून वाहतो. तो बाष्प घेऊन येतो. मधल्या उंच भागावर चढताना तो थंड होतो आणि पाऊस पडतो. पलीकडे पश्चिमेला उतरेपर्यंत त्यातले पुष्कळ बाष्प संपलेले असते. म्हणून पोर्ट लुईला पाऊस कमी. पुस्तकातला हा धडा दोघांनी स्वतः मोजून पाहिला.

चौथा भाग कामाचा. दर रविवारी ती अंगणात फेरी मारी. कुंडीखालची बशी, जुना टायर, नारळाची करवंटी, रिकामा डबा यांत पाणी साचले आहे का, ते ती पाही आणि ओतून टाकी. तुम्ही म्हणाल, यात काय मोठेसे? पण हे फार मोठे काम आहे. अशाच साचलेल्या पाण्याजवळ डास अंडी घालतात. उन्हाळ्यात त्या अंड्यांपासून उडणारे डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा पाणी ओतले, की डास तयारच होत नाहीत. २००५ आणि २००६ साली आपल्या देशात चिकुनगुन्याची साथ आली होती. तो ताप डासांमुळेच पसरतो. म्हणजे दहा मिनिटांच्या कामाने तुम्ही आपल्या घराचे आणि शेजाऱ्यांचेही रक्षण करता.

वही सर्वांच्या हातांतून फिरून परत आली. गुरुजी म्हणाले, "या वहीला मी गुण देणार नाही. ही परीक्षेची वही नाही. ही तिच्या घराची वही आहे."

मधल्या सुट्टीत तो 'आठवत नाही' म्हणणारा मुलगा त्या मुलीजवळ आला. त्याने विचारले, "आजोबांना पहिला प्रश्न कोणता विचारू?"

मुलांनो, तुम्ही कोणता विचाराल?

शब्दार्थ
पूर्वज - आपल्या घराण्यातील पूर्वीची माणसे
बाडबिस्तरा - प्रवासातले सामान व अंथरूण
बाष्प - पाण्याची वाफ
रोवळी - तांदूळ धुण्याची बांबूची टोपली
वारसा - पूर्वजांकडून मिळालेली ठेव

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मुलीच्या वहीचे किती भाग होते?
(आ) आप्रवासी घाटावर किती पायऱ्या आहेत?
(इ) पाऊस मोजण्यासाठी कसा डबा घ्यावा?

२. कारणे सांगा.
(अ) वहीतली एक ओळ कोरी राहिली.
(आ) पोर्ट लुईपेक्षा क्युरपिपला पाऊस जास्त पडतो.
(इ) साचलेले पाणी आठवड्यातून एकदा ओतून टाकावे.

३. उपक्रम
घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीला पाच प्रश्न विचारा. त्यांची उत्तरे त्यांच्याच शब्दांत वहीत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.