तुकडा मुलांच्याच हातून बसू द्या

गेल्या ईदला मुलांच्या मामूंनी आमच्या घरी दोन खोकी आणली. सहा वर्षांच्या मुलासाठी साठ तुकड्यांचे पझल आणि नऊ वर्षांच्या मुलीसाठी खेळण्यातली भांडीकुंडी. जेवणे झाली, पाहुणे पांगले आणि आम्ही दोघे मुलासोबत चटईवर बसलो. "हा कोपरा बघ, तो तुकडा जरा फिरवून बघ," असे सांगता सांगता तासाभरात चित्र पूर्ण झाले. मध्येच मुलगी येऊन उभी राहिली. तिने एक तुकडा उचलताच मुलाने आरडाओरडा केला आणि आम्हीच तिला म्हणालो, "जाऊ दे गं, तुझा सेट आहे ना तुझ्याकडे!" ती निमूट आत गेली. आम्हाला त्यात काही वावगे वाटले नाही.

काही महिन्यांनी तिच्या परिसर अभ्यासाच्या वहीत शिक्षिकेचा शेरा आला. नकाशात दिशा ओळखताना गोंधळ होतो, असे लिहिले होते. विचारले तर म्हणाली, "अम्मी, मला नकाशा कळतच नाही. तसलं मुलांनाच येतं."

एका पझलमुळे मुलीचा भूगोल कच्चा राहिला, असे आमचे म्हणणे नाही. पण 'मुलांनाच येतं' हे तिच्या मनात कुठून आले, याचा विचार करताना ईदची ती दुपार आठवली आणि आम्ही दोघेही गप्प झालो.

अभ्यास काय सांगतो?

अमेरिकेतील शिकागो विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ सुसान लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये या विषयावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी ५३ मुलांचे घरातले रोजचे खेळणे-बोलणे दर चार महिन्यांनी टिपले. मूल २६ महिन्यांचे असल्यापासून ४६ महिन्यांचे होईपर्यंत हे चालले. मुले साडेचार वर्षांची झाल्यावर त्यांची चाचणी घेतली. एखादा आकार मनातल्या मनात फिरवला किंवा दोन तुकडे जोडले तर काय दिसेल, हे त्यांना ओळखायचे होते. जी मुले घरी पझल खेळताना दिसली होती, ती यात सरस ठरली. आईवडिलांचे शिक्षण आणि उत्पन्न हिशेबात घेऊनही फरक राहिला. अर्थात एवढ्यावरून पझलमुळेच हे झाले, असे सिद्ध होत नाही.

आम्हाला पुढचा भाग जास्त बोचला. मुलगे आणि मुली पझल जवळजवळ सारख्याच वेळा खेळत होते. पण मुलग्यांच्या वाट्याला अधिक अवघड पझल येत होती, आईवडील त्यांच्यासोबत अधिक रमत होते आणि 'वर, खाली, कडेला, फिरव' असे जागेचे शब्द त्यांच्याशी अधिक बोलत होते. आणि ज्या मुलींना असा सकस खेळ मिळाला, त्यांची चाचणीतली कामगिरी चांगली होती. म्हणजे दूर शिकागोतही आमच्यासारखीच घरे होती!

कोणत्या वयाला काय?

पुढे दिलेले आकडे अंदाजाचे आहेत. प्रत्येक मुलाची चाल वेगळी असते, त्यामुळे शेजारच्या मुलाशी तुलना नको.

एक ते दोन वर्षे : या वयात स्वयंपाकघर हेच खेळण्याचे दुकान. तीन लहानमोठे स्टीलचे डबे आणि त्यांची झाकणे बाळापुढे ठेवा. कोणते झाकण कुठे बसते हे शोधताना डोळा आणि हात एकत्र काम करायला शिकतात. वर खुंटी असलेले लाकडी तुकडेही चांगले. मारिया मॉन्टेसरी यांनी आपल्या बालशाळेत असेच खुंटीचे दंडगोल वापरले. ती खुंटी तीन बोटांनी धरावी लागते आणि पुढे पेन्सिलही तशीच धरायची असते. मात्र तोंडात मावेल असा तुकडा तीन वर्षांखालील मुलाच्या हाती देऊ नका.

दोन ते तीन वर्षे : चार ते सहा मोठे तुकडे पुरेत. मूल तुकडा जबरदस्तीने दाबते, बसला नाही की फेकते. हळूहळू त्याला उमगते की दाबायचा नसतो, फिरवायचा असतो. चुकले तर दुसऱ्या रीतीने करून पाहावे, हा त्याचा पहिला धडा.

तीन ते पाच वर्षे : बारा ते चोवीस तुकडे. आता मूल रंगावरून, कडेवरून तुकडे निवडू लागते. सरळ कडेचे तुकडे आधी वेगळे काढायचे, ही युक्ती याच वयात दाखवावी. 'मध्ये, बाजूला, उलटे, अर्धे' हे शब्द खेळता खेळता पक्के होतात आणि पुढे गणितात उपयोगी पडतात.

सहा ते नऊ वर्षे : साठ ते शंभर तुकडे. एका बैठकीत संपले नाही तरी चालेल. मोठ्या ताटात किंवा पुठ्ठ्यावर मांडून पलंगाखाली सरकवता आले, की दुसऱ्या दिवशी पुढे सुरू करता येते. अर्धवट काम मोडून न टाकता पुन्हा हाती घेणे, हे अभ्यासातही लागतेच. भावंडांनी मिळून खेळावे. एकाने कडा लावाव्यात, दुसऱ्याने आकाश.

दहा वर्षांनंतर : सुडोकू, सात तुकड्यांचा टॅनग्रॅम, हंगेरीच्या एर्नो रुबिक यांनी १९७४ मध्ये तयार केलेला रंगीत क्यूब. शिवाय तोंडी कोडी आहेतच. अमीर खुसरो यांच्या नावावरच्या पहेल्या दादी-नानींना आजही पाठ असतात, त्या त्यांच्याकडून ऐकाव्यात. तेराव्या शतकातील चरित्रकार इब्न खल्लिकान यांनी नोंदवलेली बुद्धिबळाच्या पटाची गोष्टही मुलांना घालावी. पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करत गेले तर चौसष्टाव्या घरात किती? आमच्या मुलीने कागदावर सोळाव्या घरापर्यंत मजल मारली. तिथेच ३२,७६८ दाणे झाले. "अब्बा, आता गोणीच लागेल," म्हणाली.

शेजारी बसा, हात आवरा

मूल अडले की आपला हात आपोआप पुढे जातो. तुकडा बसतो, पण मुलाचे शोधणे तिथेच थांबते. त्याऐवजी विचारावे, "या तुकड्यावर कोणता रंग आहे? तसा रंग कुठे दिसतो?" मूल फारच रडकुंडीला आले तर दोन तुकडे पुढे ठेवून त्यातला एक निवडायला सांगावे. शेवटचा तुकडा मात्र त्यालाच लावू द्यावा.

मोबाइलवरही पझल असतात. पण तिथे तुकडा बोटांत येत नाही आणि बहुतेक वेळा मूल एकटेच खेळत बसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनेनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांचा स्क्रीनसमोरचा वेळ दिवसाला एका तासापेक्षा जास्त नसावा. त्याहून कमी असेल तर अधिक चांगले.

पैसे नसले तरी

पझलचा जन्मच घरगुती युक्तीसारखा झाला. १७६० च्या दशकात लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी या नकाशे कोरणाऱ्या कारागिराने लाकडी फळीवर नकाशा चिकटवला आणि देशांच्या सीमांवरून कापला. मुलांनी तुकडे जोडता जोडता भूगोल शिकावा, हा हेतू.

आम्हीही तेच केले. शादीची जुनी कार्डे आणि बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, त्यावर महाराष्ट्राचा नकाशा चिकटवला. आधी सहा महसूल विभाग कापले. आठवड्याने दुसरी प्रत काढून जिल्हे कापले. मुंबईचे दोन्ही जिल्हे फारच चिमुकले म्हणून ठाण्यासोबतच ठेवले. कापताना कात्री मुलीच्या हातात होती.

पहिल्या दिवशी तिने गडचिरोली कोकणाच्या कडेला लावले. आम्ही बोललो नाही. तिनेच तुकडा उचलला, नकाशाची कड पाहिली आणि तो पार उजवीकडे नेला. मुलगा मध्ये हात घालू लागला तेव्हा या वेळी आम्ही त्याला म्हणालो, "आपाला करू दे, तू सोलापूर शोध."

आता मगरिबआधीचा अर्धा तास दोघांचा असतो. चार दिवसांपूर्वी मामू आले होते. मुलीने त्यांना चटईवर बसवले, त्यांच्या हाती धाराशिव दिले आणि म्हणाली, "मामू, हे कुठे जाईल सांगा. फिरवून बघा हवं तर." मामूंनी दोनदा चुकीच्या जागी ठेवले. तिने तुकडा त्यांच्या हातातून काढून घेतला नाही, नुसते विचारले, "याच्या शेजारी कोण आहे, आठवा बरं?"