रायपूरच्या पायाखालचा समुद्र

रायपूरपासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी चारशे किलोमीटरवर. पण हे शहर उभं आहे ते समुद्राच्या तळावरच! इथला चुनखडक शंभर कोटी वर्षांच्या आसपास जुन्या, उथळ समुद्रात साचला. बलौदा बाजार, तिल्दा भागातले सिमेंट कारखाने याच खडकावर चालतात. भूवैज्ञानिक ज्याला ‘चंडी चुनखडक’ म्हणतात, त्यात तेव्हाच्या जीवाणूंनी रचलेली बांधकामं आजही जागच्या जागी आहेत. त्यांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात.

उभा कापलेला तुकडा हाती आला तर निरखून पाहावा. एकावर एक फुगत गेलेल्या कमानी, एकेक जेमतेम मिलिमीटरभर किंवा त्याहूनही पातळ. सायनोबॅक्टेरियांचा चिकट थर तळावर पसरे, त्यावर गाळाचे कण अडकत. प्रकाशसंश्लेषणासाठी हे जीवाणू पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेत आणि त्यामुळे चुना तिथंच साकळे. गाळाखाली झाकले गेले की ते उजेडाकडे सरकत, वर नवा थर धरत. असे खांबच्या खांब उभे राहिले, तेव्हा जमिनीवर ना झाड होतं ना प्राणी.

हे जीवाणू कोणत्या जातीचे होते? आज समुद्रात नवा जीवाणू सापडला तर रीत ठरलेली आहे. तो शुद्ध स्वरूपात वाढवायचा, किती मीठ सोसतो ते पाहायचं, १६एस आरआरएनए जनुकाची सुमारे १,५०० अक्षरं वाचायची. ज्ञात नातलगांशी साम्य ९८.७ टक्क्यांखाली गेलं, तर नवी जात असण्याची दाट शक्यता. साम्य त्याहून जास्त निघालं तर अख्खा जीनोम ताडून पाहावा लागतो. शिवाय नाव रीतसर मान्य व्हायला जिवंत नमुना दोन वेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवावा लागतो. पुण्याचं राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र हा असाच एक संग्रह.

खडकापुढे हे सगळं थिटं पडतं. डीएनए एवढा काळ टिकत नाही, पेशीही बहुधा विरून गेलेल्या असतात. म्हणून अभ्यासकांनी बांधकामांनाच जोडनावं दिली. शंकूवर शंकू रचल्यासारखे दिसतात ते कोनोफायटन. खांबाला फांद्या कशा फुटतात, कमानीला उठाव किती, यावरून बाकीचे गट. कर्ता हरवला तरी त्याच्या हातची घडण वाचायची, ही चिकाटी मला थक्क करते. अर्थात आकार एकट्या जीवाणूंवर ठरत नाही; पाण्याची खोली, लाटा, गाळ यांचाही त्यात वाटा असतो. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या शार्क बेमध्ये असे खांब आजही वाढताहेत. तिथल्या थरांतला डीएनए वाचला तर एकेका खांबात जीवाणूंच्या असंख्य जाती एकत्र नांदताना सापडल्या.