दीर्घिकेचा फोटो आणि पाटणचे धीयंत्र

भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला, अशी नोंद चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या 1207 सालच्या शिलालेखात आहे. त्याच ग्रंथांतल्या यंत्राध्यायात भास्कराचार्यांनी वेधयंत्रांची वर्णने केली आणि सर्वांत वरचा मान दिला तो धीयंत्राला, म्हणजे बुद्धीला. दूरच्या दीर्घिकेचा फोटो कसा तयार होतो हे समजून घेतले, की हा मान आजही तिचाच आहे हे पटते.

पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेची गिरवली वेधशाळा 2006 साली सुरू झाली. तिथल्या दुर्बिणीचा 2 मीटर व्यासाचा आरसा अंधाराला सरावलेल्या डोळ्याच्या सत्तर-ऐंशी हजारपट प्रकाश गोळा करतो. तरीही अशा दुर्बिणीच्या कॅमेऱ्यातून पहिल्यांदा हाती येते ते करडे, डागाळलेले चित्र. काचेवर धुळीचा कण बसला असेल तर त्याची बांगडीसारखी सावली पडते. वैश्विक किरण आदळला की ताऱ्यासारखा खोटा ठिपका उमटतो. म्हणून संधिप्रकाशातल्या एकसारख्या आकाशाचे फोटो घेऊन ठेवतात आणि दीर्घिकेच्या चित्राला त्यांनी भागतात, की बांगडी जाते. एकाच दीर्घिकेचे अनेक फोटो घेतात. खोटा ठिपका एकातच सापडतो, खरा तारा सगळ्यांत.

मग अशा फोटोंतले रंग बनावटच ना, असे कोणी विचारील. रंग नंतर चढवतात हे खरे, पण मनाने नव्हे. प्रत्येक फिल्टरमधून किती प्रकाश आला ते वेगवेगळे मोजलेले असते आणि त्या मापांतच मोलाची माहिती असते. पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्र केंद्रातील राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या चित्रांत शोधलेली ‘अलकनंदा’ ही दीर्घिका घ्या. कोणत्या फिल्टरमध्ये ती उजळ, कोणत्यात फिकी, यावरून तिचा प्रकाश सुमारे 1200 कोटी वर्षांपूर्वी निघाला हे काढता आले. विश्व इतके तरुण असताना एवढी सुबक सर्पिल दीर्घिका असेल, अशी अपेक्षा नव्हती. नुसते देखणे चित्र हे सांगू शकले नसते.

पोटाला न लागणाऱ्या या विद्येवर खर्च का, हा आक्षेप जुना आहे आणि त्याचे एक उत्तर खानदेशातच कोरलेले आहे. पाटणच्या लेखाचा शेवटचा भाग मराठीत आहे. बाजारात उघडलेल्या मालावरचा वाटा आणि घाण्यामागे पळीभर तेल मठाला द्यावे, असे त्यात लिहिले आहे.